अग्निशमन केंद्रांची छायाचित्रे : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

आगगाड्यांची छायाचित्रे जमविणारे हौशी लोक ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. त्यांच्याइतका मोठा नसला तरी तितकाच चिकाटीचा असा दुसरा एक वर्ग तेथे आढळतो. गावोगावची अग्निशमन केंद्रे पाहावयाची, इमारत, तिचे तांबडे दरवाजे आणि साधल्यास दारातील बंब टिपावयाचा, व मागे स्थळ आणि तारीख नोंदवून ठेवावयाची, हा या वर्गाचा छंद. त्यामागे संशोधनाचा हेतू क्वचितच असतो. तथापि केवळ लंडन शहराचा विचार केला तरी या संग्रहांचे मोल छंदाहून अधिक आहे, असे दिसून येते.

लंडनमधील विमा कंपन्यांनी १८३३ साली आपापली पथके एकत्र केली. त्यांचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड हे १८६१ च्या टूली स्ट्रीटवरील प्रचंड आगीत भिंत कोसळून मृत्यू पावले. या आगीने झालेले नुकसान इतके मोठे होते की, शहराच्या रक्षणाचा भार यापुढे आपण वाहू शकत नाही, असे कंपन्यांनी सरकारला कळविले. १८६५ च्या कायद्यान्वये १ जानेवारी १८६६ पासून सार्वजनिक दल अस्तित्वात आले. त्याचे प्रमुख मॅसी शॉ हे भरतीत खलाशांना प्राधान्य देत. कारण उंचावर चढणे, आज्ञा पाळणे आणि रात्रंदिवस सज्ज असणे हे खलाशांच्या अंगवळणी पडलेले असे. जवान अहोरात्र कामावर, म्हणून त्याचे बिऱ्हाडही केंद्रातच. खाली बंब, मागे तबेला, वर संसार अशी ही वास्तू म्हणजे जमिनीवरचे जहाजच होते.

ही व्यवस्था पालटली, पण तिच्या खुणा विटांत राहिल्या. १८८० पासून रस्त्यांवर विजेची इशारायंत्रे बसू लागली आणि टेहळणीच्या मनोऱ्याचे मूळ प्रयोजन हळूहळू संपले. पुढे होसपाइप वाळत घालण्यासाठी आणि कवायतीसाठी मनोरे उपयोगी पडले. १९२० साली दोन पाळ्या सुरू झाल्याने बिऱ्हाडांची निकड ओसरली. १९२१ साली दलातील अखेरचे घोडे गेले. भाषेतही असेच घडते. मराठीतील ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पंप, यापासून आलेला. मुंबईत १८८७ साली दल स्थापन झाले तेव्हा बंब घोडे ओढीत, १९०७ साली पहिला मोटारबंब आला. यंत्र पालटले, शब्द मात्र जुनाच राहिला.

कायदे, अहवाल व नकाशे दप्तरांत सापडतात. परंतु घोड्यांसाठी केलेला दरवाजा मोटारीसाठी केव्हा रुंद झाला, तबेल्याची खोली पुढे कशासाठी वापरली गेली, असले बारीक फेरफार अहवालात बहुधा येत नाहीत. एकाच केंद्राची दहा-वीस वर्षांच्या अंतराने घेतलेली तारीखवार छायाचित्रे शेजारी ठेवली की ते उलगडतात. तारीख नसेल तर छायाचित्राचे अर्धे मोल गेले, असेच म्हणावे लागेल. या छंदाचा एक दोषही येथे सांगितला पाहिजे. बहुतेकांचे लक्ष दर्शनी भागावर खिळते. युस्टन रोडवरील १९०२ च्या सुमाराचे केंद्र किंवा चार्ल्स कॅनिंग विनमिल यांनी रचलेले, एखाद्या ग्रामीण हवेलीसारखे दिसणारे बेलसाइझचे केंद्र (१९१५) यांचे दर्शनी सौंदर्य निर्विवाद आहे. पण जवानांच्या कुटुंबांचे सज्जे, कवायतीचे अंगण, मनोऱ्याचा पायथा हे सारे मागल्या बाजूस असते, आणि इतिहासही बराचसा तेथेच असतो. मागील अंगणाचे एखादे धूसर छायाचित्र दर्शनी भागाच्या दहा सुबक छायाचित्रांपेक्षा अभ्यासकाच्या अधिक कामाचे.

९ जानेवारी २०१४ रोजी लंडनमधील दहा केंद्रे एकाच दिवशी बंद झाली. १८७२ पासून चालत आलेले क्लार्कनवेलचे केंद्र त्यांत होते, बेलसाइझचेही होते. बेलसाइझच्या इमारतीत पुढे सदनिका झाल्या. इमारत संरक्षित असली तरी आतील वापर बदलताच तिची रचना दुर्बोध होते, ही गोष्ट संरक्षणाच्या कायद्याने टळत नाही.

चिल्टर्न स्ट्रीटवरील केंद्राची हकीकत अधिक बोलकी आहे. १८८९ साली उभारलेले हे तांबड्या विटांचे गॉथिक धाटणीचे केंद्र २००५ साली बंद झाले व पुढे तेथे एक नामांकित हॉटेल आले. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी त्या हॉटेलला आग लागली. वीस बंब आणि सुमारे सव्वाशे जवान त्या जुन्या अग्निशमन केंद्रावर धावून आले, तरी इमारतीची मोठी हानी झाली. २००५ पूर्वी, दारांतून बंब बाहेर पडत असताना, रस्त्यावर उभे राहून कोणा छांदिष्टाने घेतलेली तेथील छायाचित्रे आता मूळ वास्तूच्या अभ्यासाची साधने झाली आहेत. त्यांपैकी बरीचशी खाजगी संग्रहांत आहेत, आणि संग्राहकाच्या पश्चात असे संग्रह विखुरतात.