सत्तावीस तेहतिसाला भारी कसे पडले?

१० जून २०२२ ची रात्र. आमच्या घरात टीव्ही पहाटेपर्यंत चालू होता. महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार, आणि सहाव्या जागेसाठी झुंजणारे दोघेही कोल्हापूरचे: शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक. पहाटे आकडे आले. पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७. आणि निवडून आले महाडिक!

आबा उठून बसले. "तेहतीस मोठं का सत्तावीस रं? सहा मतं चोरली व्हय कुणी?"

मला उत्तर येत नव्हतं. मग कागद घेऊन बसलो.

राज्यसभेला आमदार एकच शिक्का मारत नाहीत. नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. मोजणीत प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. त्या रात्री एक मत बाद झालं, वैध उरली २८४, म्हणजे एकूण २८,४००. याला सातनं, म्हणजे जागांपेक्षा एकानं जास्त असलेल्या आकड्यानं भागायचं, एक मिळवायचा आणि अपूर्णांक सोडायचा. आले ४,०५८. हा कोटा. एवढी मतं सहा जणांना मिळू शकतात, सातव्याला मिळूच शकत नाहीत. सगळी गंमत त्या 'अधिक एक'मध्ये आहे.

आता भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती, म्हणजे ४,८००. कोट्यापेक्षा ७४२ जास्त. ही जादा मतं वाया जात नाहीत, दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. आबांना मी गोठ्याच्या भाषेत सांगितलं: "कॅन भरला की वरचं दूध खाली सांडत नाही, शेजारच्या कॅनमध्ये ओततात." प्रत्येक मतपत्रिकेमागे १५ मूल्य पुढे गेलं. दोघांच्या ९६ मतपत्रिकांवर दुसरी पसंती महाडिक असेल, तर झाले १,४४०. त्यांच्या २,७०० मध्ये मिळवा: ४,१४०. कोटा पार.

पवारांच्या बाजूला इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१. त्यांची सगळी जादा मतं पवारांना दिली तरी भर फक्त ६२६. बेरीज ३,९२६. कोटा हुकला. चोरी नव्हती, वाटणी होती.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली. डेन्मार्कमध्ये कार्ल आंद्रे आणि इंग्लंडमध्ये थॉमस हेअर यांनी ती स्वतंत्रपणे मांडली. त्यांचं दुखणं एकच होतं: हरलेल्याला दिलेलं मत कुठं जातं?

आपल्याकडे तिनं एक मोठं काम केलं. १९४६ साली संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी याच पद्धतीनं निवडले. मुंबई प्रांतातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वाट नव्हती. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या प्रयत्नांनी ते बंगालमधून निवडून आले, तेही मूठभर आमदारांच्या पहिल्या पसंतीवर. साध्या बहुमताचा नियम असता तर अल्पसंख्य गटाच्या उमेदवाराला एवढ्या मतांवर जागा मिळणं अवघड होतं.

पण जानेवारी १९४९ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्व मागितलं, तेव्हा त्याला विरोध करणारेही बाबासाहेबच. त्यांचं म्हणणं असं: या पद्धतीसाठी मतदाराला किमान आकडे वाचता-लिहिता यायला हवेत, आणि सभागृहाचे तुकडे झाले तर सरकार टिकणार नाही. दुसरी भीती पोकळ म्हणता येत नाही. त्याच जून २०२२ मध्ये, २० तारखेला, विधान परिषदेची निवडणूक याच पद्धतीनं, पण गुप्त मतदानानं झाली. त्या रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेला निघाले. पद्धत कितीही नेमकी असो, माणसं फुटायची ती फुटतातच.

पहिली अडचण मात्र आता तेवढी उरलेली नाही. मला आकडे येतात, आबांना तर दूध डेअरीचा हिशोब तोंडपाठ. तरी आमदार-खासदार निवडताना आमच्या हाती एकच बटण.

हे सगळं ऐकून आबा गप्प बसले. आयुष्यभर त्यांनी शेकापला मत दिलं, आणि बऱ्याचदा त्यांचा उमेदवार पडला.

"म्हंजे," ते म्हणाले, "आमदारांचं दूध दुसऱ्या कॅनात जातं. आमचं तेवढं सांडतं."

याचं उत्तर माझ्या कागदावर नव्हतं.