कायद्याचे अर्थनिर्वचन

कायद्याचे अर्थनिर्वचन म्हणजे अधिनियमातील शब्दांचा अर्थ न्यायालयाने निश्चित करण्याची प्रक्रिया होय. कायदा करणे हे विधिमंडळाचे, तर त्याचा अर्थ लावणे हे न्यायसंस्थेचे काम आहे. आकारावयाचा कर, शिक्षेची मुदत किंवा नागरिकाचा हक्क काही वेळा एकाच शब्दाच्या अर्थावर ठरतो.

प्रमुख नियम

शब्दशः अर्थाचा नियम : शब्द स्पष्ट असतील तर त्यांचा सरळ, प्रचलित अर्थ घेतला जातो. रामावतार बुधाईप्रसाद विरुद्ध सहायक विक्रीकर अधिकारी, अकोला (१९६१) या खटल्यात विड्याची पाने ‘भाजी’ ठरून विक्रीकरातून सूट मिळते का, असा प्रश्न होता. वनस्पतिशास्त्रातील अर्थ बाजूला ठेवून सर्वोच्च न्यायालयाने व्यवहारातील अर्थ स्वीकारला आणि सूट नाकारली.

सुवर्ण नियम : शब्दशः अर्थाने विसंगत परिणाम होत असेल, तर तो टाळण्यापुरता अर्थात बदल केला जातो.

अनिष्टनिवारणाचा नियम : हा नियम इंग्लंडमधील हेडनच्या खटल्यात (१५८४) मांडला गेला. पूर्वीच्या कायद्यात कोणती उणीव होती आणि नव्या कायद्याने तिच्यावर कोणता उपाय योजला, हे पाहून अर्थ लावला जातो. बेंगॉल इम्युनिटी कंपनी विरुद्ध बिहार राज्य (१९५५) या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अनुसरला.

शब्द आणि हेतू

दंडविषयक कायद्यातील तरतूद खरोखरच संदिग्ध असेल, तर आरोपीला अनुकूल अर्थ घेण्याची परंपरा आहे. तिची मर्यादा पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम ७ वरील वादात स्पष्ट झाली. या कलमातील ‘शारीरिक संपर्क’ म्हणजे त्वचेचा त्वचेशी थेट स्पर्श, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लावला. त्यामुळे कपड्यांवरून केलेला स्पर्श या कलमाबाहेर राहिला. आरोपीला पॉक्सोऐवजी भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खाली दोषी धरण्यात आले. किमान शिक्षा पहिल्या कायद्यात ३ वर्षे, तर दुसऱ्यात १ वर्ष होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी हा निर्णय रद्द केला. या गुन्ह्यात लैंगिक हेतू महत्त्वाचा असून, कायद्याचा उद्देशच निष्फळ करणारा संकुचित अर्थ घेता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. विधिमंडळाचा हेतू स्पष्ट असताना न्यायालयाने संदिग्धता निर्माण करू नये, हेही त्यात नमूद आहे.

साहाय्यक साधने

व्याख्या, उद्देशिका व कलमांचा परस्परसंबंध ही अधिनियमातील अंतर्गत साधने होत. विधेयकाचे उद्देश व कारणे यांचे निवेदन, संसदीय समित्यांचे अहवाल आणि शब्दकोश ही बाह्य साधने होत. केंद्रीय अधिनियमांना जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ लागू असून, विषय वा संदर्भ विरुद्ध नसल्यास पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा आणि एकवचनात अनेकवचनाचा समावेश होतो.