गट गर्भवती तपासणी म्हणजे काय? पुण्यातल्या वस्त्यांना तिचा किती उपयोग?

केसपेपर, रांग, वजन, बीपी, गोळ्या आणि 'पुढच्या महिन्यात या'. गर्दीच्या दवाखान्यात गर्भवतीची तपासणी बहुतेकदा अशीच उरकते. थांबावे लागते खूप आणि विचारायला वेळ मिळतो थोडा. त्यावरचा एक उपाय म्हणजे गट तपासणी.

नेमके काय करतात?

साधारण एकाच सुमारास बाळंत होणाऱ्या ८ ते १२ जणी ठरलेल्या दिवशी जमतात. आपले वजन आणि बीपी स्वतः मोजून कार्डावर लिहितात. सिस्टर किंवा डॉक्टर एकेकीला बाजूला घेऊन पोट तपासतात, बाळाचे ठोके ऐकतात. मग सगळ्या गोल बसून बोलतात. अमेरिकेतील परिचारिका-सुईण शेरॉन शिंडलर रायझिंग यांनी १९९०च्या दशकात ही पद्धत सुरू केली.

बोलण्याने काय होते?

लोहाच्या गोळ्यांचे उदाहरण घ्या. भारतात निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय असतो. तरीही शौचाला काळे होते, मळमळते म्हणून अनेकजणी गोळ्या मध्येच सोडतात. काळे होणे धोक्याचे नाही, गोळी रात्री जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो, चहासोबत घेऊ नये, हे गोळी घेणाऱ्या दुसरीकडून ऐकले की पटकन पटते.

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गटातल्या स्त्रियांमध्ये मुदतीआधीची बाळंतपणे कमी आढळली. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत मात्र तसे दिसले नाही.

महिलांच्या नुसत्या चर्चागटांचा अनुभवही बोलका आहे. झारखंड-ओडिशात 'एकजुट' संस्थेच्या गटांमुळे नवजात मृत्यू सुमारे ३२ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 'स्नेहा' संस्थेने असेच गट चालवले. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांत तिथे बाळांचे मृत्यू घटलेले दिसले नाहीत. शहरात दवाखाना जवळ असतो. तिथे मिळणारी सेवा कशी, हा प्रश्न असतो. तो नुसत्या चर्चेने सुटत नाही. म्हणूनच शहरात तपासणी आणि चर्चा एकत्र हवी.

पुण्यात कशी जमेल?

२०१६पासून 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते. बायका जमतातच, रांगेतला वेळ गटाच्या कामी येऊ शकतो. लागते ती एक खोली, सतरंजी, बीपीचे यंत्र आणि दर वेळी तीच सिस्टर.

अडचणीही आहेत. धुणीभांडी करणाऱ्या किंवा बांधकामावर जाणाऱ्या बाईचा खाडा होतो, म्हणून वेळ तिला विचारून ठरवावी लागते. बाहेरून आलेल्या मजूर कुटुंबांतल्या सगळ्यांनाच मराठी येत नाही. पहिल्या बाळंतपणाला मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि गट तुटतो. निदान तपासणीचे कार्ड तिच्यासोबत जायलाच हवे. एचआयव्ही किंवा घरातली मारहाण यांसारख्या गोष्टी चारचौघींत विचारायच्या नसतात, त्या एकांतातच.

बैठकीची वाट कधी पाहू नये?

अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, डोके खूप दुखून अंधारी येणे, चेहऱ्यावर-हातांवर सूज, झटके, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८.