चांद्याचें जुनें आंग्लपंथी मंदिर

ज्युबिलीच्या तयारींत असतांना आम्हीं चांद्याच्या संत अंद्रियाच्या मंदिरास भेट दिली. आंग्ल पंथाच्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनचें हें क्षेत्र. संत अंद्रिया हा स्कॉटलंडचा आश्रयदाता. १८४८ सालीं बाप्तिस्मा घेतलेले मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांनीं कांहीं काळ चांद्यास धर्मसेवा केली. येथलेच मिशनरी अलेक्झांडर वुड पुढें १९२६ पासून १९३६ पर्यंत नागपूरचे बिशप होते. आमच्या चांदा धर्मप्रांताचा पाया १९६२ सालीं घातला गेला. म्हणजे ह्या अरण्यप्रदेशांत ते आमच्या पूर्वीं आले.

आमच्या आजोबांच्या काळीं कॅथलिकांस परपंथीयांच्या उपासनेंत भाग घेण्याची मनाई असे. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें त्यांस बंधु म्हटलें. १९७० सालीं नागपुरांत सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची ख्रिस्तमंडळी झाली व हें मंदिर तिच्याकडे आलें. त्यांची आपसांतील फूट मिटली. त्यांची व आमची मात्र उरली आहे.

जुन्या कबरींपाशीं कोणती प्रार्थना म्हणावी, हा प्रश्न आम्हांस पडला. अखेर प्रभूनें शिकविलेली म्हटली. ती दोघांचीही आहे. भाविकहो, येत्या २ नोव्हेंबरास आपल्या मृतांचें स्मरण करतांना ह्या वडील भावंडांसाठींही एक मेणबत्ती लावा.