विचारले तेवढेच उरले

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. या नावामागे कधीकाळी एक आश्रयस्थान होते, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही ख्रिस्ती वस्ती वसविली. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले पुढे येथे आली, लिहावाचायला आणि सुतारकाम-लोहारकाम शिकली. आफ्रिकेच्या इतिहासात ती 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली जातात.

त्यांपैकी एक चेंग्विम्बे, म्हणजेच मॅथ्यू वेलिंग्टन. १८७२ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या साहाय्यास गेलेल्या तुकडीत ते होते. पुढच्याच वर्षी लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचविणाऱ्यांत शरणपूरचे हे तरुणही होते. वेलिंग्टन दीर्घायुषी ठरले. १९३५ साली मोंबासा येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या वार्धक्यात रॅम्पली या लेखकाने त्यांची जीवनकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. शीर्षकातच वेलिंग्टन यांचे वर्णन आहे: लिव्हिंगस्टन यांच्याशी जोडणारा एकमेव हयात दुवा.

दुवा! येथे मन अडखळते. गुलामगिरी, सुटका, परक्या मुलखातील बालपण एवढे सोसलेल्या माणसाची ओळख अखेर दुसऱ्याच्या नावाने व्हावी? गोदाकाठी त्यांना मराठी कितपत येऊ लागली होती, हा प्रश्न कोणा नाशिककराने विचारायचा. 

याउलट लक्ष्मीबाई टिळक पाहा. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या बाईंना अक्षरओळख घरीच झाली. रेव्हरंड टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने, देवदत्तांनी, त्यांच्याकडे पित्याच्या आठवणी मागितल्या. बाई सांगू लागल्या आणि त्यांचे स्वतःचे आयुष्यही त्यांत उतरले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली; १९३६ मध्ये बाई नाशिकलाच वारल्या. मागितले होते एक, मिळाले त्याहून मोठे. देवदत्तांनी बाईंना मध्येच अडविले नाही, हे त्यांचे आपल्यावर ऋणच म्हणायचे.

आजच्या वृद्धाश्रमांत आपण काय विचारतो? मुले कोठे असतात, गोळ्या घेतल्या का? नाशिक परिसरातील अशा खोल्यांत कोणी नाशिकरोडच्या छापखान्यात नोटा मोजल्या असतील, कोणी ओझरच्या कारखान्यात विमानांचे भाग जुळविले असतील. पहिला पगार कशावर खर्च झाला, स्वयंपाकघरात कोणती भाषा चाले, घर सोडताना काय मागे राहिले, हे विचारावे. दुपारी, जेवणाची गडबड ओसरल्यावर बसावे. तारखांचा आग्रह धरू नये; हरवत चाललेल्या स्मरणशक्तीला परीक्षेला बसविणे क्रूरपणाचे आहे. आधी संमती घ्यावी. ध्वनिमुद्रण त्यांना पुन्हा ऐकवावे, नको म्हणतील तो भाग पुसून टाकावा आणि लिहून काढलेली पहिली प्रत, मोठ्या अक्षरांत, त्यांच्याच हाती द्यावी.