संसदेपुढे कागद कसा जातो : विधेयक, पटलावरील दस्तऐवज आणि नागरिकांची याचिका

संसदेचे अधिवेशन सुरू असताना ‘विधेयक सादर करण्यात आले’, ‘अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला’, ‘याचिका सादर झाली’ अशी वाक्ये बातम्यांत वारंवार येतात. या प्रत्येक वाक्यामागे ठरलेली कार्यपद्धती असते. कोणता कागद कोणी द्यावा, किती दिवस आधी द्यावा, त्यावर कोणाची स्वाक्षरी असावी आणि सोबत काय जोडावे, हे राज्यघटना, सभागृहांचे नियम आणि पीठासीन अधिकाऱ्यांचे निदेश यांनी निश्चित केले आहे. विहित रीतीने आलेल्या कागदाची सभागृहाला नोंद घ्यावी लागते आणि शासनाला त्याबाबत उत्तर देणे भाग पडते. त्या रीतीबाहेर आलेला कागद, त्यातील मागणी कितीही रास्त असली तरी, बहुधा कामकाजापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच या पद्धतीची माहिती लोकप्रतिनिधींइतकीच सामान्य नागरिकालाही उपयुक्त आहे. पुढील विवेचन मुख्यत्वे लोकसभेच्या नियमांच्या आधारे केले आहे.

सूचना : पहिली पायरी

सदस्याला सभागृहात कोणताही विषय मांडायचा असेल तर बहुतेक वेळा आधी सूचना द्यावी लागते. ही सूचना लेखी असते, तिच्यावर सदस्याची स्वाक्षरी असते आणि ती लोकसभेच्या महासचिवांना उद्देशून दिली जाते. अलीकडच्या काळात सदस्यांना ऑनलाइन पद्धतीनेही सूचना देता येतात.

प्रश्नांसाठी किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना आवश्यक आहे. पूर्ण दिवस मोजताना सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस वगळला जातो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तोंडी उत्तरासाठी २० तारांकित आणि लेखी उत्तरासाठी २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. सूचना अध्यक्षांनी स्वीकारून सदस्यांमध्ये वितरित होण्यापूर्वी तिला प्रसिद्धी देऊ नये, असा नियम आहे. प्रश्नाच्या बाबतीत हे बंधन उत्तराच्या दिवसापर्यंत लागू राहते.

राष्ट्रपतींनी सत्रसमाप्ती केल्यावर प्रलंबित सूचना व्यपगत होतात. विधेयक सादर करण्याच्या इराद्याची सूचना मात्र याला अपवाद आहे.

विधेयके : शासकीय आणि अशासकीय

मंत्र्यांनी मांडलेले विधेयक शासकीय, तर मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याने मांडलेले विधेयक अशासकीय समजले जाते. सत्ताधारी पक्षाच्या साध्या सदस्याचे विधेयकही अशासकीयच ठरते.

शासकीय विधेयक सादर करण्यासाठी मंत्र्यांनी सात दिवस आधी सूचना द्यावी आणि सादर करण्याच्या दिवसापूर्वी दोन दिवस विधेयकाच्या प्रती सदस्यांना उपलब्ध व्हाव्यात, असे अध्यक्षांचे निदेश आहेत. कारणे लेखी नमूद केल्यास अध्यक्ष यात सवलत देऊ शकतात. अशासकीय विधेयकासाठी एक महिन्याची सूचना लागते. तीही अध्यक्षांच्या परवानगीने कमी होऊ शकते.

विधेयकाच्या मसुद्याला उद्देश व कारणांचे निवेदन जोडावे लागते. विधेयकामुळे खर्च होणार असल्यास वित्तीय ज्ञापन आवश्यक असते. नियम करण्याचे अधिकार कार्यपालिकेला दिले जाणार असतील, तर त्या अधिकारांची व्याप्ती सांगणारे स्वतंत्र ज्ञापन द्यावे लागते. धन विधेयकासारखी काही विधेयके राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून सादरच करता येत नाहीत. भारताच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल अशा विधेयकाच्या विचारार्थ राष्ट्रपतींची शिफारस नसेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ११७ नुसार ते सभागृहाला संमत करता येत नाही. राष्ट्रपतींची शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होत असल्याने अशासकीय विधेयकांच्या वाटेतील हा एक मोठा अडसर ठरतो.

लोकसभेत शुक्रवारच्या बैठकीतील शेवटचे अडीच तास अशासकीय कामकाजासाठी राखून ठेवलेले असतात. आजवर केवळ १४ अशासकीय विधेयकांचे कायद्यात रूपांतर झाले आहे. संसदेच्या कामकाजाचे वृत्त प्रसिद्ध करण्यास संरक्षण देणारा १९५६ चा कायदा फिरोज गांधी यांच्या अशासकीय विधेयकातून आला. सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपील अधिकारक्षेत्राचा विस्तार करणारा १९७० चा कायदा हा या मालिकेतील शेवटचा होय.

तथापि, अशासकीय विधेयकाचे मोल केवळ कायदा होण्याने ठरत नाही. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीचे तिरुची शिवा यांचे विधेयक राज्यसभेने २४ एप्रिल २०१५ रोजी संमत केले. लोकसभेत ते पूर्णत्वास गेले नाही. परंतु त्यानंतर शासनाने स्वतःचे विधेयक आणले आणि २०१९ मध्ये या विषयावरील कायदा अस्तित्वात आला.

पटलावर ठेवले जाणारे दस्तऐवज

प्रश्नोत्तराच्या तासानंतर मंत्री आपापल्या खात्याचे कागद सभागृहाच्या पटलावर ठेवतात. वरकरणी हा उपचार वाटतो. प्रत्यक्षात मात्र दस्तऐवज पटलावर आला की तो संसदेच्या अभिलेखाचा भाग होतो आणि त्यावर प्रश्न विचारता येतात.

यांपैकी काही कागद राज्यघटनेनेच बंधनकारक केले आहेत. अनुच्छेद ११२ अन्वये वार्षिक वित्तीय विवरणपत्र, अनुच्छेद १२३ अन्वये अध्यादेश आणि अनुच्छेद १५१ अन्वये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. महालेखापरीक्षक आपला अहवाल राष्ट्रपतींना सादर करतात आणि राष्ट्रपती तो संसदेपुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. त्यानंतर लोकलेखा समितीला त्याची छाननी करता येते. अहवाल पटलावर येण्यास विलंब झाला की ही सारी साखळी लांबते.

कायद्यांखाली शासनाने केलेले नियमही पटलावर ठेवले जातात. साधारणपणे कायद्यात ३० दिवसांची तरतूद असते. हे दिवस एका किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून मोजले जातात. दोन्ही सभागृहांना त्या नियमांत बदल सुचविता येतो किंवा ते रद्द करता येतात.

मंत्र्यांनी भाषणात एखाद्या शासकीय दस्तऐवजातील मजकूर उद्धृत केला, तर तो दस्तऐवज पटलावर ठेवणे त्यांना बंधनकारक असते. तो उघड करणे सार्वजनिक हिताविरुद्ध आहे, असे मंत्र्यांनी सांगितल्यास हे बंधन राहत नाही. पटलावर ठेवायचा प्रत्येक कागद तो ठेवणाऱ्या सदस्याने स्वाक्षरीने अधिप्रमाणित करावा लागतो.

शासकीय अनुदानावर चालणाऱ्या अनेक स्वायत्त संस्थांचे वार्षिक अहवाल पूर्वी वर्षानुवर्षे रखडत असत. यावर देखरेखीसाठी लोकसभेत १९७५ मध्ये पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांविषयीची समिती स्थापन झाली. हिशेबी वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब पटलावर यावेत, असा दंडक या समितीने घालून दिला. एप्रिल ते मार्च असे वर्ष धरल्यास ही मुदत ३१ डिसेंबरला संपते. विलंब झाल्यास त्याची कारणे सांगणारे निवेदनही द्यावे लागते. हे दस्तऐवज हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असणे अपेक्षित आहे.

मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचेही असेच आहे. गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे अध्यक्ष असताना १९५३ मध्ये शासकीय आश्वासन समिती अस्तित्वात आली. ‘माहिती गोळा करून ती पटलावर ठेवू’ असे मंत्र्यांनी म्हटले की सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत त्याची पूर्तता व्हावी लागते.

नागरिकांची याचिका

वरील सर्व मार्ग सदस्यांसाठी किंवा मंत्र्यांसाठी आहेत. नागरिकाला थेट सभागृहाला उद्देशून लिहिता येते ते याचिकेद्वारे. लोकसभेच्या याचिका समितीचा उगम ब्रिटिश काळातील केंद्रीय विधिमंडळात आहे. १९२४ मध्ये सार्वजनिक याचिका समिती स्थापन झाली आणि १९३१ पासून ती याचिका समिती या नावाने ओळखली जाऊ लागली. आज लोकसभेच्या समितीत १५, तर राज्यसभेच्या समितीत १० सदस्य असतात. मंत्र्यांना लोकसभेच्या समितीचे सदस्य होता येत नाही.

लोकसभेत अध्यक्षांच्या संमतीने तीन प्रकारच्या विषयांवर याचिका सादर होऊ शकते : प्रसिद्ध किंवा सादर झालेले विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेल्या कामकाजाशी निगडित बाब आणि सर्वसाधारण सार्वजनिक हिताचा विषय. तिसऱ्या प्रकारात काही मर्यादा आहेत. न्यायालय, न्यायाधिकरण किंवा चौकशी आयोगापुढे असलेला विषय चालत नाही. राज्य विधानमंडळात मांडणे उचित असा विषय येथे घेतला जात नाही. ज्या तक्रारीवर कायद्यानेच दाद मागण्याची सोय आहे, तीही याचिकेत बसत नाही.

याचिकेचा नमुना नियमांच्या अनुसूचीत दिलेला आहे. याचिका तयार करताना पुढील बाबी पाळणे आवश्यक आहे.

– याचिका सभागृहाला, म्हणजे ‘लोकसभेस’, उद्देशून असावी आणि तिच्या शेवटी नेमकी विनंती असावी.
– भाषा आदरयुक्त, सभ्य आणि संयत असावी.
– प्रत्येक याचिकाकर्त्याचे पूर्ण नाव व पत्ता द्यावा आणि स्वाक्षरी करावी. लिहिता न येणाऱ्या व्यक्तीने अंगठ्याचा ठसा द्यावा.
– पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर कागद याचिकेला जोडू नयेत.
– याचिका हिंदी किंवा इंग्रजीत असावी. अन्य भाषेत असल्यास हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद सोबत द्यावा आणि त्यावरही याचिकाकर्त्याची स्वाक्षरी असावी.

मराठीत लिहिणाऱ्यांनी शेवटची अट विशेष ध्यानात ठेवावी. मराठीतील याचिका नियमबाह्य नाही, परंतु स्वाक्षरीसह अनुवाद नसेल तर ती अपूर्ण ठरते. तसेच पुरावा म्हणून कागदांचा गठ्ठा जोडण्याची कचेऱ्यांतील सवय येथे उपयोगी पडत नाही. वस्तुस्थिती याचिकेच्या मजकुरातच थोडक्यात यावी लागते.

याचिका एखाद्या खासदारांमार्फत सादर करता येते किंवा महासचिवांकडे पाठविता येते. खासदारांनी ती सादर करायची असल्यास त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. सादर करताना भाषण करता येत नाही आणि चर्चाही होत नाही. त्यानंतर याचिका समितीकडे जाते. समिती संबंधित मंत्रालयाचे म्हणणे मागविते, आवश्यक तेथे साक्ष घेते आणि उपाययोजनांची शिफारस करणारा अहवाल सभागृहाला देते. याचिकेच्या नमुन्यात न बसणारी निवेदनेही समिती विचारात घेऊ शकते. मात्र निनावी पत्रे आणि दुसऱ्याच अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्राची केवळ माहितीसाठी पाठविलेली प्रत विचारात घेतली जात नाही.

राज्याच्या अखत्यारीतील विषयासाठी त्या राज्याच्या विधानमंडळाकडे जावे लागते. महाराष्ट्र विधानमंडळात यासाठी विनंती अर्ज समिती आहे.

याचिकेने काय साधते

समितीच्या शिफारशी शासनावर कायद्याने बंधनकारक नसतात. तरीही त्यांचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, याचे उदाहरण सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे आहे. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ या मागणीची याचिका राज्यसभेच्या याचिका समितीपुढे आली. भगतसिंह कोश्यारी त्या वेळी समितीचे अध्यक्ष होते. पुढे ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. समितीने डिसेंबर २०११ मध्ये दिलेल्या १४२व्या अहवालात ही मागणी मान्य करण्याची शिफारस केली. फेब्रुवारी २०१४ मध्ये शासनाने तत्त्वतः घोषणा केली आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी अंमलबजावणीचा आदेश निघाला. लाभ १ जुलै २०१४ पासून देण्यात आला. या निर्णयामागे माजी सैनिकांचे आंदोलन आणि राजकीय घडामोडीही होत्या. तथापि, संसदेच्या समितीने ही मागणी तपासून मान्य केली, ही नोंद पुढील प्रत्येक चर्चेत मागणीकर्त्यांच्या हाती राहिली.

याचिका पाठविण्यापूर्वी नागरिकांनी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात : विषय केंद्राच्या अखत्यारीतील आहे का, तो न्यायालयापुढे प्रलंबित तर नाही ना आणि शेवटी केलेली विनंती स्पष्ट आहे का. या तिन्हींची खात्री झाल्यावर नमुन्यानुसार लिहिलेली, स्वाक्षरी आणि पत्ता असलेली एक-दोन पानांची याचिकाही समितीच्या विचारार्थ पुरेशी ठरू शकते.