काट्यावरचं सोलापूर

१८७७ सालच्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर मजुराच्या दिवसाचं मोल ठरलं ते असं: पौंडभर धान्य येईल एवढे पैसे आणि वर अर्धा आणा. दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेले सर रिचर्ड टेम्पल यांच्या नावाने हा दर पुढे ओळखला गेला. पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. ज्वारीच्या हिशेबाने उष्मांक भरतात दीड हजारांच्या आसपास, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची, मातीच्या पाट्या वाहायच्या. सोलापूर जिल्हा त्या दुष्काळाच्या ऐन पट्ट्यात होता. आष्टीच्या तलावाचा भराव अशाच अर्धपोटी हातांनी उचलला. टेम्पल दुष्काळाला नवखे नव्हते. १८७४ साली बिहारमध्ये त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसं जगवली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपकाही पदरात घेतला होता. तो ठपका धुऊन काढायची संधी त्यांनी दख्खनमध्ये साधली, असं म्हणणं कठोर वाटेल, पण फारसं चुकीचं ठरणार नाही. दर उतरताच मजूर हजारोंनी कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, गावोगावची हकीकत सरकारपुढे मांडायला घेतली.

या वादातला मजुरीचा भाग इतिहासाच्या पुस्तकांत येतो. त्याच्या पोटात एक वैद्यकीय वादही होता, तो सहसा येत नाही, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. पौंडभर धान्य पुरतं की नाही, हे ठरवायचं कशावरून? टेम्पल यांचं उत्तर डोळ्यांनी पाहण्याचं होतं. कामावरच्या टोळ्या बघायच्या. अंगाने बऱ्या दिसल्या, माणसं पटापट मरत नसली, की दर पुरेसा. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांना हे मान्य नव्हतं. सक्तमजुरीच्या कैद्यालाही सरकार याहून जास्त खाऊ घालतं, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा असा, की उपासमारीचा हिशेब शरीर रोजच्या रोज चुकता करत नाही, काही महिन्यांनी करतं. मद्रासचेच डॉ. अलेक्झांडर पोर्टर यांनी दुष्काळात गेलेल्यांची शवविच्छेदनं केली तेव्हा आतड्याचं अस्तर झिजून पातळ झालेलं आढळलं. म्हणजे अशा माणसाला छावणीत आणून पोटभर पेज पाजली तरी ती अंगी लागायची नाही, जुलाबावाटे निघून जायची. अन्न मिळत होतं, पोटात जात होतं, आणि माणूस तरीही मरत होता.

१८७२ च्या शिरगणतीत सोलापूर जिल्ह्यात ७ लाख १९ हजार माणसं होती. १८८१ मध्ये ५ लाख ८२ हजार उरली. जवळजवळ पाचांतला एक जण कमी झाला. यावर जुना आक्षेप आहे, की हे सगळे भूकबळी नव्हेत. कित्येक लोक पोटासाठी परमुलखात गेले, कित्येक पटकीने आणि तापाने गेले. पहिली गोष्ट खरीच आहे. १८९१ ला हाच आकडा साडेसात लाखांवर पोचला, तो परतलेली माणसं धरल्याशिवाय जुळत नाही. दुसऱ्या गोष्टीत मात्र खोच आहे. उपासाने खंगलेला माणूस पटकीने गेला तर तो पटकीच्या रकान्यात पडतो आणि मजुरीचा दर निर्दोष सुटतो. कोणता रकाना आखायचा आणि तो कधी मिटायचा, हे ज्याच्या हातात असतं त्याला यश सिद्ध करणं फारसं अवघड जात नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिताना दुष्काळापासून सुरुवात केली ती या रकान्यासाठी.

त्या शस्त्रक्रियेचा इतिहास आतड्यापासूनच सुरू होतो. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात क्रेमेन आणि लिनर या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा वरचा भाग थेट शेवटच्या तुकड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. मधलं लांबलचक आतडं अन्नाच्या वाटेतून बाजूला पडलं. माणूस जेवायचा, पण अन्न अंगी लागायचं नाही. पोर्टर यांनी शवांत जे पाहिलं होतं, तेच आता मुद्दाम आणि सद्हेतूने घडवलं जात होतं. काट्यावर निकाल झकास होता. किलोमागून किलो उतरत होते. साठ-सत्तरच्या दशकांत अशा हजारो शस्त्रक्रिया झाल्या. मग एकेकाचं यकृत निकामी होऊ लागलं, मूत्रपिंडात खडे धरू लागले, सांधे धरले, आणि १९८० च्या सुमारास ही पद्धत सोडून द्यावी लागली. आयोवाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ पासून जठर लहान करून बायपास करण्याची निराळी वाट धरली होती; आज ज्या शस्त्रक्रिया होतात त्यांचं मूळ तिथे आहे. पण मेसन यांचं मोठेपण मला टाक्यांपेक्षा १९८६ साली त्यांनी उघडलेल्या नोंदवहीत दिसतं. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं पुढे काय झालं ते वर्षानुवर्षं लिहीत जायचं, एवढंच त्या वहीचं काम.

तशीच दुसरी वही स्वीडनमध्ये १९८७ पासून लिहिली गेली. शस्त्रक्रिया केलेले सुमारे दोन हजार लठ्ठ रुग्ण आणि न केलेले तेवढेच, असे दोन गट. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत जास्त उतरलं, नंतर त्यातलं काही परत आलं, आणि वीस वर्षांनीही मूळ वजनाच्या अठरा टक्क्यांच्या आसपास घट टिकून राहिली. मधुमेहाची गोष्ट जास्त बोलकी आहे. ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वी मधुमेह होता त्यांच्यापैकी ७२ टक्क्यांची साखर दोन वर्षांनी औषधाशिवाय आटोक्यात होती; दहा वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला. दोन वर्षांनी वही मिटली असती तर मधुमेह बरा करणारी शस्त्रक्रिया म्हणून द्वाही फिरली असती. दुसरीकडे, २००७ साली याच अभ्यासाने दाखवलं की शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी होतं, आणि २०२० च्या हिशेबात त्यांचं आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा सरासरी तीन वर्षांनी वाढलेलं निघालं. हेही दोन वर्षांत दिसलं नसतं. लांबचा हिशेब शस्त्रक्रियेच्या विरुद्धच जातो असं नाही. तो दोन्ही बाजूंनी खरं बोलतो. स्वीडनमधल्या बहुतेक शस्त्रक्रिया जुन्या पद्धतीच्या होत्या आणि आजच्या स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची) वा बायपास शस्त्रक्रियेला ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निघतं काय? नव्या पद्धतींसाठीही वीस वर्षांची वही लागेल, एवढंच. आपल्याकडे मात्र बातमी किलोतच येते. २०१७ च्या फेब्रुवारीत इजिप्तहून मुंबईत आणलेल्या एका अतिस्थूल रुग्णेचं वजन आठवड्या-आठवड्याला वर्तमानपत्रांत छापून येत होतं. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरमध्ये अबुधाबीत ती गेली, आणि तोवर किलो मोजणारे दुसऱ्या बातमीकडे वळले होते.

आता यात सोलापूरचं काय, असा प्रश्न येईल. उत्तरासाठी आधी पुण्याकडे जावं लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. पण आपल्या बाळाच्या अंगात कमी पडलं होतं ते स्नायूंत आणि अवयवांत. चरबी त्याने जवळजवळ राखलेली होती. बारीक दिसणारं, आतून स्थूल असं हे बाळ. २००४ मध्ये याज्ञिकांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःलाच मोजलं. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३, अगदी एक. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. काट्याला हा फरक दिसला नव्हता. आणि गर्भात असताना आईची उपासमार झाली तर मूल मोठेपणी मधुमेहाकडे झुकतं, हे नेदरलँड्समधल्या १९४४-४५ च्या भुकेच्या हिवाळ्यात गर्भात असलेल्यांच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे.

१८७७ चा उपास पाच पिढ्या ओलांडून आजच्या सोलापूरकराच्या पोटावर दिसतो, असं मी म्हणणार नाही; तो दावा फार ताणलेला होईल. पण इतकं मागे जायची गरजही नाही. १९७२ चा दुष्काळ जवळच आहे. दुष्काळी कामांवर दुपारी सुकडी वाटली जात होती, रेशनवर लाल मिलो मिळत होता, आणि त्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायकांत गरोदर बायकाही होत्या. त्यांची ती लेकरं आज पन्नाशी ओलांडून बसली आहेत, म्हणजे मधुमेहाच्या ऐन वयात. मधल्या काळात ताट बदललं. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी, जिची कडक भाकरी सोलापुरातून पाकिटात भरून पुण्या-मुंबईला जाते, ती गव्हापेक्षा महाग झाली. रेशनवर गहू-तांदूळ आला. कामही बैठं झालं. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापावर कात्रीने एकेक पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, आणि मजुरी हजाराच्या भावाने: विडी कामगार बाईचा दिवस असा कमरेखाली हललाच नाही तर वाढीव चरबी कुठे साठेल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. खडी फोडणाऱ्या आजीला उष्मांक पुरत नव्हते, विडी वळणाऱ्या नातीला तेच जास्त होतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के बायका प्रमाणाबाहेर कृश निघाल्या आणि सुमारे २३ टक्के प्रमाणाबाहेर जाड. एकाच पाहणीत, एकाच राज्यात, कित्येकदा एकाच घरात.

निम्म्याहून अधिक बायकांना पंडुरोग असलेल्या राज्यात जठर कापण्याच्या महागड्या शस्त्रक्रियेची चर्चा कसली करता, हा यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप. सार्वजनिक आरोग्याचा पैसा आधी कुठे जावा याबद्दल माझंही मत तेच आहे: पाणी, अंगणवाडी, गरोदर बाईचं ताट. पण पंडुरोगाचा मुद्दा शस्त्रक्रियेच्या वादातून बाहेर पडत नाही, उलट तिथेच येऊन पोचतो. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. बायपासमध्ये अन्न आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून जातं, आणि लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. म्हणून लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं, रक्त तपासत राहावं लागतं. जिचं रक्त आधीच पातळ आहे, जी शाकाहारी आहे, तिने तिसऱ्या वर्षी गोळ्या सोडल्या तर काट्यावर ती यशस्वीच दिसेल. पोर्टर यांच्या शवविच्छेदनाच्या टेबलाची आठवण इथे व्हावी. फरक मोठा आहे, हे मान्य. इथे माणूस स्वतःच्या मर्जीने येतो, प्रथिनं मोजून देता येतात, डॉक्टर सोबत असतो. पण हा फरक सोबत टिकते तोवरच टिकतो. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय रुग्णालय आहे, मोठी खासगी रुग्णालयं आहेत. शस्त्रक्रिया एका दिवसाची. वीस वर्षं हाक मारून बोलावणारी वही हेच खरं सार्वजनिक आरोग्याचं काम आहे, आणि ते शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त पडतं. आता वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आली, शस्त्रक्रियेचे दिवस संपले, असंही कुणी म्हणेल. इंजेक्शन थांबवलेल्यांच्या एका पाहणीत गेलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं. वही तिथेही लागणारच.

काट्याने ठरवण्याची सवय मात्र जात नाही. शस्त्रक्रिया कुणाची करावी याची रेघ अमेरिकेत १९९१ साली आखली गेली: बीएमआय ४० च्या वर, किंवा सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर ३५ च्या वर. बारीक दिसणाऱ्या स्थूल शरीरांचं कोडं उलगडत गेलं तशी आशियाई माणसांसाठी ही रेघ खाली आली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती आशियाईंसाठी २७.५ पर्यंत आणली. आपल्या विमा नियामकाने २०१९ साली आरोग्य विम्याच्या अटींचा नमुना ठरवला, त्यात या शस्त्रक्रियेसाठी जुनी रेघच आहे, ४० आणि ३५. समजा, सोलापुरात टेरी टॉवेलच्या एखाद्या कारखान्यात हिशेब लिहिणारी एक बाई आहे. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८० किलो, बीएमआय ३३ च्या थोडा वर. औषधं चालू असून साखर आटोक्यात नाही. डॉक्टरांच्या आजच्या नियमाने ती शस्त्रक्रियेला पात्र आहे. विम्याचा अर्ज मात्र परत येतो, कारण तिथे तिचं वजन चार किलो कमी भरतं.